मोलीचा लेप दिलेल्या गोळ्या, शिकारी रायफल आणि नळीची निगा

रानवाट (धागाकर्ता)
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जिथे परवाना आहे आणि कायद्याने शिकार चालते तिथलीच ही चर्चा आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे धागा भलतीकडे जाणार नाही.

माझ्याकडे .३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट अॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट सरकवायची) रायफल आहे. अकरा वर्षं तिच्यात एकाच प्रकारच्या गोळ्या वापरल्या, साधं तांब्याचं जॅकेट (गोळीवरचं आवरण), वजन १६५ ग्रेन. यंदा एका मित्राने त्याच वजनाच्या, पण मोलीचा (घर्षण कमी करणाऱ्या पावडरीचा) काळा लेप दिलेल्या गोळ्यांचा डबा हातात ठेवला. "नळी घाण होत नाही, आयुष्य दुप्पट होतं," असं त्याचं म्हणणं. मी काडतुसं घरीच भरतो. दारू तीच ठेवली, माप तेच ठेवलं, फक्त गोळी बदलली.

रेंजवर नेताना नळी नेहमीप्रमाणे स्वच्छ करून आतून तेलाचा हात दिलेला होता. १०० मीटरवर पहिली गोळी नेहमीच्या जागेपासून नऊ सेंटीमीटर वर, उजवीकडे. पुढच्या दोन-तीन कुठेही. बाराव्या गोळीच्या आसपास ग्रुप (गोळ्यांचा एका जागी पुंजका) जमला, पण नेहमीपेक्षा चार सेंटीमीटर खाली. मग जुन्या साध्या गोळ्या घालून बघितल्या, तर त्याही इकडे-तिकडे.

इथेच थांबायला हवं होतं. त्याऐवजी मी घरी येऊन नळी चकचकीत केली, तेल दिलं आणि पुढच्या आठवड्यात तीच रायफल, त्याच लेपाच्या गोळ्या घेऊन रानात गेलो. डुकराला पहिली गोळी फार मागे लागली. दोन तास माग काढला तेव्हा सापडलं. ते दोन तास डोक्यातून जात नाहीत.

तर विचारायचं असं की, शिकारीच्या रायफलीत या लेपाचा खरंच उपयोग आहे का? नळीचं आयुष्य वाढतं का? आणि आता ही नळी मूळ स्थितीवर आणायची कशी? चिंध्या कितीही फिरवल्या तरी काळ्याच निघतायत.

पितळकाम
शनिवार, रात्री १०.१५

वाईट वाटलं वाचून. पण लिहिलंत हे बरं केलंत.

एक गोष्ट लगेच सांगतो, कारण ती जिवाशी खेळणारी आहे. लेपाच्या गोळीला घर्षण कमी, म्हणून आट्यांत (नळीच्या आतल्या पिळदार खाचांत) शिरताना ती कमी अडते, दाब कमी चढतो आणि वेगही थोडा घटतो. तुमचा ग्रुप खाली आला त्याला हेही एक कारण असणार. तो वेग भरून काढायला काही लोक दारू थोडी वाढवतात. ते वाढवलेलं माप चुकूनसुद्धा साध्या गोळीमागे भरू नका. दोन्ही काडतुसांचे डबे वेगळे ठेवा, वर ठळक अक्षरांत लिहा. .३०८ विंचेस्टरला सीआयपी या काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमात कमाल दाब ४१५० बार आहे. कारखान्यात भरलेलं काडतूसही त्याच्या फार खाली नसतं, तेव्हा वर चढायला जागा कमीच.

शंभरनंबरी
शनिवार, रात्री ११.०५

मी लक्ष्यावर मारणारा, शिकार करत नाही. मोली सात-आठ वर्षं वापरली आणि तिच्याबद्दल वाईट बोलणार नाही. एका बैठकीत साठ-सत्तर गोळ्या मारायच्या तर साध्या जॅकेटचं तांबं आट्यांवर चढत जातं आणि चाळिशीनंतर ग्रुप पसरायला लागतो. मोलीने माझ्या नळीत ते बरंच लांबलं. मध्येच उठून नळी साफ करायची वेळ येत नव्हती.

पण रानवाट, तुमच्या बाराव्या गोळीला ग्रुप जमला ना, तो काही योगायोग नाही. मोलीची नळी आधी "बसावी" लागते. आतून पातळ थर चढला की मग एकसारखी मारते. मला दहा-पंधरा गोळ्या लागायच्या. स्पर्धेत त्या सरावात जातात. रानात कुठून आणणार?

धातूवेडी
रविवार, सकाळी ७.३०

लेप चालतो कसा ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं जुळवता येईल.

मोली म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. पत्त्यांच्या कॅटसारखी रचना. एकेक थर आतून घट्ट, पण थराथरांमधली पकड अगदी सैल, त्यामुळे जोर पडला की थर एकमेकांवरून सरकतात. बोटाला लागलेली पावडर चोळून बघा, राखाडी चकाकी येते आणि त्वचा साबणासारखी बुळबुळीत लागते. तेच गोळी आणि पोलाद यांच्यामध्ये घडतं. ग्राफाइटची रचनाही अशीच थरांची, पण त्याला घसरायला हवेतली ओल लागते. मोलीचं उलट आहे, कोरड्यात आणि निर्वातात ती जास्त चांगली चालते, म्हणून अंतराळयानांच्या सांध्यांतही ती असते. दमट हवेत तिचं घर्षण वाढतं. शिकारी रायफल पावसाळी रानात फिरते हे इथे लक्षात घ्या.

आता आयुष्याचा मुद्दा. नळी झिजते ती मुख्यतः घशाशी, म्हणजे गोळी चेंबरमधून (काडतूस बसतं त्या जागेतून) सुटून आट्यांत शिरते तिथे. तिथलं पोलाद गोळीच्या घासण्याने फारसं जात नाही. ते जातं दारूच्या वायूने. वायूचं तापमान अडीच हजार अंशांच्या घरात. गोळी नळीत असते जेमतेम एक-दीड मिलिसेकंद, पण तेवढ्यात पोलादाचा वरचा पापुद्रा भाजून निघतो आणि लगेच आकसतो. असं शेकडो वेळा झालं की घसा आटलेल्या तळ्याच्या मातीसारखा भेगाळतो. बोअरस्कोप (नळीत घालायचा बारीक कॅमेरा) घालून बघितलंत तर नेमकं तसंच दिसतं. गोळीवरचा लेप या उष्णतेला अडवत नाही. मोली स्वतःच हवेत साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे जळायला लागते.

त्यामुळे "आयुष्य दुप्पट" हे मला पटत नाही. साफसफाई कमी होते, म्हणून साफ करायच्या गजाने होणारी इजा कमी होते, एवढं मान्य.

रानवाट
रविवार, सकाळी ८.१०

धातूवेडीताई, तळ्याच्या मातीचं उदाहरण वाचून लगेच कॅमेरा घालून बघितला. घसा ठीक दिसतोय, बारीक जाळी आहे फक्त. पण घशापुढे एक काळपट कडं आहे, पूर्ण गोल. ते काय?

धातूवेडी
रविवार, सकाळी ८.४०

दारूचा कार्बन आणि मोली मिळून बसलेला थर असणार. भाजून कडक होतो. नुसत्या द्रावणाने सहज सुटत नाही. उपाय जुनीदुनळीकाकांना विचारा, ते आले की सांगतील.

आणि जाता जाता, नळीवर "क्रोम-मोली" लिहिलंय म्हणून गोंधळू नका. ते पोलादातलं मॉलिब्डेनम, ४१४० जातीच्या पोलादात असतं. या लेपाशी त्याचा संबंध नाही. स्टेनलेस नळ्या बहुतेक ४१६ जातीच्या असतात. त्यांनाही गंज लागतो, उशिरा लागतो एवढंच.

जुनीदुनळी
रविवार, दुपारी १२.२०

आलो. तीस वर्षं बंदुका दुरुस्त करतोय. त्यात गोळ्या मारून मारून संपलेल्या शिकारी नळ्या मोजक्याच आल्या. गंजाने गेलेल्या आणि गजाने गेलेल्या मात्र चिक्कार. साधा हिशोब करा. .३०८ची नळी नीट वापरली तर काही हजार गोळ्या चांगली मारते. पाच हजार धरा. तुम्ही वर्षाला साठ मारत असाल तर ऐंशी वर्षं पुरेल. त्या ऐंशी वर्षांत तुम्ही गज किती वेळा घालणार आणि कसा घालणार, त्यावर नळीचं नशीब ठरतं.

आता रानवाट यांची नळी. आधी बोल्ट काढा, चेंबरमध्ये डोळ्याने बघा, बोटाने चाचपा. काडतूस नाही याची खात्री झाल्यावरच पुढे. बोल्टच्या जागी बोअर गाइड (गज मधोमध सरळ ठेवणारी नळी) बसवा. तो नसला तर गज घशावर घासतो आणि वापरलेलं द्रावण ट्रिगरमध्ये आणि दस्त्यात उतरतं. गज अखंड हवा. तुकडे जोडलेल्या गजाच्या सांध्यांच्या कडा आटे खरवडतात. नेहमी चेंबरकडून तोंडाकडे. चिंधी तोंडातून बाहेर पडली की काढून टाका, तीच परत ओढू नका. गज दर फेरीला पुसा, कारण त्याला चिकटलेली कचकच म्हणजे पॉलिश पेपरच.

आधी कार्बनचं द्रावण, नायलॉनचा ब्रश, दहा-बारा फेऱ्या, मग चिंध्या. त्या काळ्या निघतील. काळं संपत नाही म्हणून घाबरू नका, मोलीचं तसंच असतं. मग तांब्याचं द्रावण. अमोनियाचं कडक द्रावण पंधरा मिनिटांहून जास्त नळीत ठेवायचं नाही, आणि रात्रभर तर कधीच नाही. चिंधीवर निळा-हिरवा रंग आला की तांबं सुटतंय. पण तुमचा ब्रश किंवा चिंधी ढकलणारा जॅग पितळेचा असेल तर द्रावण त्यालाच खातं आणि नळी स्वच्छ असली तरी चिंधी निळी निघते. कितीतरी लोक या फसव्या निळ्याच्या मागे लागून नळी घासत बसतात. नायलॉनचा किंवा निकेलचा मुलामा दिलेला जॅग घ्या.

अमोनिया तांबं काढतो, मोली काढत नाही. ते कडं काढायला जेबी पेस्टसारखी अगदी बारीक घासणारी पेस्ट लागेल, जोडीला क्रॉइलसारखं पाझरणारं तेल. घट्ट चिंधीला पेस्ट लावा आणि फक्त घशापाशी छोट्या फेऱ्या मारा, वीस-पंचवीस. गज तोंडातून बाहेर जाऊ देऊ नका. मग कॅमेऱ्याने बघा. थोडं राहिलं तर राहू द्या. शेवटी पेस्टचा कणही उरायला नको, म्हणून चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत फिरवा.

क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची आतली कड, तिला जपा. गोळी नळीला शेवटचं तिथे शिवते. तिथे एका बाजूला ओरखडा असला तर वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला हलकासा धक्का देतो. तोंडाकडून गज घालणाऱ्यांच्या रायफली "अचानक बिघडतात" त्या अशा.

इतिहासप्रेमी
रविवार, संध्याकाळी ६.०५

गोळीवर काहीतरी लावून नळी स्वच्छ ठेवायची धडपड जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या .३०-०६ काडतुसात गोळीचं जॅकेट तांबं-निकेलचं असायचं. त्याचे गोळे आट्यांना असे चिकटायचे की नेमबाज हैराण. १९२१च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी फ्रँकफर्ड आर्सेनल या अमेरिकी लष्कराच्या दारूगोळा कारखान्याने कथिलाचा मुलामा दिलेल्या गोळ्या काढल्या. नळी खरंच स्वच्छ राहिली! पण काडतुसं ठेवून ठेवून कथिल पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) गळ्याला आतून झाळल्यासारखं चिकटलं. त्यात नेमबाजांना गोळी ग्रीसमध्ये बुडवून भरायची सवय होती. ग्रीस चेंबरमध्ये साचलं की गळ्याला फुगून गोळी सोडायला जागा उरत नाही. दाब भयंकर चढले, रायफली फुटल्या.

पुढे दोन वाटा निघाल्या. जॅकेट ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्ताचं झालं, आजही बहुतेक तेच असतं. आणि कथिल गोळीवरून निघून दारूत गेलं. दारूत थोडं कथिल किंवा बिस्मथ असलं की नळीतलं तांबं ठिसूळ होऊन पुढच्या गोळीबरोबर निघून जातं. २०१२ मध्ये हॉजडन कंपनीने काढलेल्या सीएफई (कॉपर फाउलिंग इरेझर) २२३ या दारूच्या नावातच तांबं पुसण्याचा दावा आहे.

जुनीदुनळी
रविवार, संध्याकाळी ६.३०

इतिहासप्रेमी, फार मोलाचं लिहिलंत. नव्या मंडळींसाठी जोडतो: गोळीला किंवा पुंगळीला घरचं तेल, ग्रीस, मेण काही लावू नका. चेंबर नेहमी कोरडा हवा. पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला धरते आणि मागचा धक्का त्या पकडीने वाटला जातो. तेल असलं की पकड सुटते आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

नवाशिकारी
रविवार, रात्री ९.००

मी .३०-३० मध्ये शिशाच्या ओतीव गोळ्या मारतो, त्यावर पावडर कोटिंग करून. (इथे पावडर म्हणजे रंगाची पावडर, दारू नव्हे.) तरी नळीत शिसं चढतं. लेप कमी पडतोय का?

पितळकाम
रविवार, रात्री ९.४५

बहुतेक वेळा लेप नाही, माप चुकतं. नळीतून मऊ शिशाची गोळी ठोकून बाहेर काढा आणि खाचांचा व्यास मोजा. तुमची गोळी त्याहून इंचाच्या एक-दोन हजारांश जाड हवी. बारीक असली तर बाजूने वायू निसटतो आणि शिसं वितळवत नेतो, मग वर कोणताही रंग असो. बुडाला तांब्याचा गॅस चेक (छोटी टोपी) लावा. आणि गोळी बसवण्याआधी पुंगळीचं तोंड किंचित उमलवा, नाहीतर पुंगळीची धार लेप सोलून काढते. एक गोळी भरून परत उपसून बघा, कडेला सोललेली रेघ दिसली तर कारण सापडलं.

शंभरनंबरी
सोमवार, सकाळी ६.५०

हेक्झागोनल बोरॉन नायट्राइडचं नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. मी आता तेच वापरतो. रंग पांढरा, हात काळे होत नाहीत, आणि मोलीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता सोसतं. अल्कोहोलमध्ये कालवून नळीला आधीच आतून हात देता येतो, मग "बसायला" कमी गोळ्या लागतात.

पण एक तोटा मोलीसारखाच, साध्या आणि लेपाच्या गोळ्या एकाच नळीत आलटून पालटून मारता येत नाहीत. नळीत उरलेला थर पुढच्या साध्या गोळीलाही घसरवतो, तो झिजेपर्यंत प्रत्येक गोळीचा वेग वेगळा. रानवाट यांच्या जुन्या गोळ्या भलतीकडे गेल्या त्या यामुळेच.

रानजाई
सोमवार, सकाळी १०.३०

मी संपूर्ण तांब्याच्या गोळ्या वापरते, शिसं नको म्हणून. बार्न्स कंपनीची पहिली एक्स गोळी १९८९ची, तिच्याबद्दल तांबं फार चढतं अशी तक्रार असायची. मग तिच्यावर निळा लेप देऊन पाहिला. २००३ मध्ये त्यांची टीएसएक्स गोळी आली तेव्हा गोळीच्या अंगावरच कड्यांसारख्या खाचा पाडल्या. आट्यांनी दाबलेलं तांबं त्या खाचांत जातं, नळीला कमी लागतं, दाबही आटोक्यात राहतो. लेपाचं काम गोळीच्या आकाराने केलं. शिकारीला मला हे जास्त सरळ वाटतं, कारण पहिल्या गोळीपासून चालतं.

माझी पद्धत अशी. मोसमाआधी नळी नीट साफ करते, मग तीन-चार गोळ्या मारून झिरो (नेम जागेवर आहे ना ते) बघते आणि त्यानंतर मोसम संपेपर्यंत आतून साफ करत नाही. बाहेरून पुसते, बोल्ट पुसते. नळी भिजली तर मात्र त्याच संध्याकाळी साफ, आणि दुसऱ्या दिवशी परत दोन गोळ्या. पावसात नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची टेप लावते. गोळीच्या पुढची हवाच ती उडवते, नेमात मला कधी फरक दिसला नाही, पण तुम्ही आधी रेंजवर तपासा. चिखल किंवा पाणी शिरलेल्या नळीतून मात्र कधी मारू नका, नळी फुगते.

थंडीतून उबदार खोलीत आणलेल्या रायफलीला आतून दव धरतं. पेटीत लगेच बंद करू नका. बोल्ट काढून उघडी ठेवा.

जुनीदुनळी
सोमवार, दुपारी १.१५

रानजाईंच्या शब्दाशब्दाशी सहमत. फक्त जुनी लष्करी काडतुसं मारत असाल तर हे थांबणं चालणार नाही. त्यांच्या प्रायमरमधल्या (दारू पेटवणाऱ्या टोपीतल्या) पोटॅशियम क्लोरेटमुळे नळीत क्षार उरतो, मिठासारखा. तो हवेतलं पाणी ओढतो आणि काही तासांत गंज धरतो. तेलाने तो जात नाही, पाण्यानेच धुवावा लागतो. त्याच दिवशी गरम पाणी, मग कोरडं, मग तेल.

आणि तेल दिलेली रायफल कपाटात तोंड खाली करून ठेवा. तोंड वर असलं तर वर्षानुवर्षं तेल पाझरून लाकडी दस्त्याचा गळा मऊ होतो.

रानवाट (धागाकर्ता)
तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.२०

मंडळी, सांगितलं तसं केलं. कडं काढायला दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्या चिंध्या डांबरासारख्या, मग राखाडी, मग अचानक मोरपंखी निळ्या. मोलीच्या खाली अकरा वर्षांचं तांबं होतं! तोंडाशी टॉर्च तिरपा धरला तर आट्यांवर तांबूस पट्टे दिसायचे, ते आता नाहीत.

मग फक्त साध्या गोळ्या घेऊन चार वेगवेगळ्या सकाळी रेंजवर गेलो. रोज थंड नळीतून पहिली एकच गोळी, सगळ्या एकाच कागदावर. पहिल्या दिवशी नळीत तेल तसंच ठेवलं, गोळी सहा सेंटीमीटर वर. दुसऱ्या दिवशी साफ करून, कोरड्या चिंधीने आणि अल्कोहोलने तेल पुसून, अडीच सेंटीमीटर. त्यानंतर पाच गोळ्या मारून नळी तशीच सोडली. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी दोन्ही गोळ्या नेहमीच्या ग्रुपच्या आत, एकमेकींना जवळजवळ चिकटून.

म्हणजे त्या डुकराला मी मारलेली गोळी तेलाची होती आणि न बसलेल्या लेपाची होती. दोन्ही चुका एकाच गोळीत.

लेपाच्या उरलेल्या गोळ्या शंभरनंबरींना देतोय, ते लक्ष्यावर मारतील. भरलेली काडतुसं सगळी उपसून टाकली.

शंभरनंबरी
रविवार, रात्री ८.५५

पोचल्या की कळवतो. तो चार गोळ्यांचा कागद फेकू नका. मागे तारीख, हवा आणि नळीची स्थिती लिहून रायफलीच्या पेटीतच ठेवा.

रानवाट (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९.१०

लिहून ठेवलाय. उद्या पाऊस आहे, तोंडाला टेप लावून पाचवी मारतो आणि त्याच कागदावर लावतो.